लग्नानंतरचे पहिले ९० दिवस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मांडव उतरला, सोयरे पांगले, तुळजापूरचं दर्शन झालं, जागरण-गोंधळ उरकला, की घरात एक शांत आठवडा येतो. कागदांची कामं त्याच आठवड्यात सुरू करावीत. विवाह नोंदणीचा अर्ज लग्नाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो आणि पुढचं जवळपास प्रत्येक काम त्या एका दाखल्यावर येऊन थांबतं. रेशन कार्ड, आधार, बँक ही कामं एकेकटी पाहिली तर अवघड नाहीत. लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे. आधी बँकेत जातात, बँक आधार मागते. आधार केंद्रावर जातात, तिथं विवाहाचा दाखला मागतात. दाखला काढायला जावं तर साक्षीदार तोवर पुण्याला कामावर निघून गेलेले असतात.

दुसरी गोष्ट, ही कामं दोन तालुक्यांत विभागलेली असतात. माहेर अंबाजोगाईकडचं आणि सासर जिंतूरकडचं असेल तर एका झेरॉक्ससाठी पूर्ण दिवस जातो. म्हणून माहेरच्या तालुक्यातली कामं आधीच वेगळी लिहून ठेवावीत आणि मांडव परतणीला किंवा आखाडाला लेक माहेरी जाते त्या फेरीतच उरकावीत.

सगळ्याच्या आधी: नाव कोणतं लावायचं

लग्नानंतर बाईनं नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. माहेरचं नाव तसंच ठेवलं तरी पत्नी म्हणून कोणताही हक्क कमी होत नाही. नाव बदलायचं असेल तर मात्र ते एकदाच ठरवावं आणि सगळीकडे तेच, त्याच अक्षरांत लावावं. दहावीची सनद, पदवी, टी.सी. हे माहेरच्या नावानेच राहतात, ते बदलून मिळत नाहीत आणि बदलायची गरजही नसते. जुनं आणि नवं नाव जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला.

मुलगी स्पर्धा परीक्षा, नर्सिंग, बी.एड. किंवा कुठल्या भरतीच्या मध्यात असेल तर निकाल लागेपर्यंत नाव बदलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अर्जावर माहेरचं नाव आणि केंद्रावर दाखवायच्या आधारवर सासरचं, या एका फरकानं परीक्षेच्या दारात अडवणूक होते. विवाह नोंदणी वेळेत करावी, आधारचं नाव बदलायला सहा महिने उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

आपल्याकडे काही घरांत लग्नात नवरीचं पहिलं नावही बदलतात, ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात. हौस म्हणून घरात त्या नावाने हाक मारावी, पण ते कागदावर नेऊ नये. विवाहाच्या दाखल्यावरून आडनाव आणि मधलं नाव बदलणं सोपं जातं. पहिलं नाव बदलायचं म्हटलं की राजपत्रात प्रसिद्धी, मग प्रत्येक कार्यालयात ते राजपत्र, आणि तरीही पदवीवर जुनंच नाव, असा फेरा मागे लागतो.

इंग्रजी स्पेलिंग हा खरा त्रासाचा भाग. 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', 'शिंदे'च्या शेवटी एक 'ई' की नाही, 'पाटील'मध्ये 'आय' की 'डबल ई', यावर पुढं पॅन आणि आधार जुळत नाहीत आणि पैसे अडकतात. नवऱ्याच्या आधारवर जे स्पेलिंग आहे तेच उतरवावं. त्याच्या आधारवरच ते चुकलेलं असेल तर आधी त्याचं दुरुस्त करून घ्यावं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी अशी वाया घालवू नये.

विवाह नोंदणी

महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. गावात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) विवाह निबंधक असतो, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेचं कार्यालय. बहुतेक जण नवऱ्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत करतात. अर्जाला विवाह ज्ञापन, म्हणजे नमुना 'ड', म्हणतात. त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि नोंदणीचं शुल्क वेगळं. ९० दिवस उलटले म्हणून नोंदणी बंद होत नाही, पण शुल्क वाढतं आणि उशिराचं कारण द्यावं लागतं.

सोबत लागतं ते असं: दोघांचे वयाचे पुरावे (टी.सी. किंवा जन्मदाखला), दोघांचे आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, लग्नपत्रिका, मंगळसूत्र किंवा हार घालतानाचा दोघं नीट ओळखू येतील असा एक फोटो, तीन साक्षीदारांचे आधार आणि फोटो, आणि लग्न लावणाऱ्या भटजी, भन्ते किंवा काझींची सही व ओळखपत्र. नवरा-नवरी आणि तिन्ही साक्षीदारांना निबंधकासमोर सह्या करायला एकाच दिवशी हजर राहावं लागतं. म्हणून साक्षीदार गावातलेच निवडावेत. मामा पुण्याला, मित्र सुरतला असला की तारीख जुळत नाही आणि ९० दिवस तिथंच संपतात. भटजींची सही मात्र लग्नाच्या दिवशीच, दक्षिणा देताना, नमुन्यावर घेऊन ठेवणं सगळ्यात सोपं. हंगामात एकेक भटजी रोज वेगळ्या गावी असतो.

निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं मराठी भाषांतर सोबत ठेवावं, नाहीतर अर्ज परत येतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली दुय्यम निबंधक कार्यालयात लग्न लावलं असेल तर तिथं मिळालेलं प्रमाणपत्र हीच नोंदणी, पुन्हा ग्रामपंचायतीत जायचं कारण नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं, पत्रिकेवर घरचं लाडाचं नाव आणि टी.सी.वर वेगळंच. पत्रिका छापतानाच टी.सी. पाहून नाव द्यायला हवं होतं. आता शपथपत्र जोडावं. दुसरं, साखरपुड्यातच किंवा कुंकवाच्या कार्यक्रमातच लग्न उरकलेलं असतं. पत्रिका असलीच तर तिच्यावर एक तारीख आणि प्रत्यक्षात लग्न झालेलं दुसऱ्याच तारखेला. अशा वेळी खरी तारीखच लिहावी, शपथपत्र करावं, साक्षीदार त्या दिवशी हजर असलेलेच घ्यावेत. पत्रिकेशी मेळ बसावा म्हणून खोटी तारीख टाकली तर ती कायमची राहते. तिसरं कारण वय. लग्नाच्या दिवशी मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असलीच पाहिजे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, आणि टी.सी.वरची जन्मतारीख तो आधी पाहतो.

दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून वाचावा. दोघांची नावं मराठी आणि इंग्रजी दोन्हींत बरोबर आहेत का, लग्नाची तारीख, नवरीचं माहेरचं पूर्ण नाव. फक्त मराठी दाखला मिळत असेल तर इंग्रजी नावंही टाकून मागावीत, कारण बँक आणि पासपोर्टवाले इंग्रजी स्पेलिंग पाहतात. चार-पाच साक्षांकित प्रती लगेच करून ठेवाव्यात आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नये. लॅमिनेशनवर नंतर कोणी शिक्का मारत नाही.

दाखल्याबरोबर एक गोष्ट तपासून घ्यावी. नवरा बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदीत असेल तर त्याच्या पहिल्या विवाहासाठी ३०,००० रुपये मिळतात. दोघांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती किंवा विमुक्त-भटक्या प्रवर्गातला आणि दुसरा सवर्ण असा आंतरजातीय विवाह असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून ५०,००० रुपये. दोन्हींना विवाह नोंदणीचा दाखला लागतोच.

मोबाईल नंबर आणि आधार

हे काम सगळ्यात लहान, आणि यानेच सगळ्यात जास्त कामं रखडतात. लेकीच्या आधारला बहुतेक वेळा वडिलांचा किंवा भावाचा नंबर जोडलेला असतो. ती सासरी केंद्रावर बसलेली आणि ओटीपी जातो भावाच्या फोनवर, तो असतो रानात किंवा कंपनीत पाळीवर. त्याहून वाईट म्हणजे लग्नानंतर माहेरचं सिम रिचार्जविना पडून राहतं, काही महिन्यांत बंद होतं आणि तोच नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते. मग ओटीपी परक्या माणसाकडे जातो.

नंबर बदलायला कोणताही कागद लागत नाही, आधार केंद्रावर बाईनं स्वतः जाऊन बोट द्यायचं. घरबसल्या ऑनलाइन अर्जात हे होत नव्हतं म्हणूनच लोक ते पुढं ढकलत आले. टपाल खात्याचे पोस्टमनही हे काम करतात, गावात पोस्टमन येत असेल तर विचारावं. नंबर तिच्या स्वतःच्या नावावरच्या सिमचा असावा. नवऱ्याचा नंबर टाकला तर तीच अडचण जागा बदलून पुन्हा उभी राहते.

केंद्रावर नाव, पत्ता, मोबाईल अशा दुरुस्तीला ७५ रुपये लागतात, आणि एकाच अर्जात हे तिन्ही बदल करता येतात. भावाचा फोन रोज हाताशी असेल तर विवाहाचा दाखला येईपर्यंत थांबून सगळं एकाच फेरीत करावं. तसं नसेल तर नंबर आधी, नाव नंतर.

पत्त्यासाठी सासरच्या घराचं वीजबिल, घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर असते, सुनेच्या नावाचा एकही कागद नसतो. यावर उपाय म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलणं. नवरा कुटुंबप्रमुख म्हणून संमती देतो, नातं दाखवायला विवाहाचा दाखला. ऑनलाइन केलं तर नवऱ्याला ३० दिवसांत आपल्या मायआधार (आधारच्या संकेतस्थळावरच्या) खात्यातून मंजुरी द्यावी लागते, नाहीतर अर्ज बाद होतो. इथं एक फसगत होते. नवऱ्याच्या आधारवर चाकणच्या किंवा वाळूजच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता असेल तर बायकोलाही तोच पत्ता लागतो, आणि गावच्या रेशन कार्डाशी तो जुळत नाही. आधी नवऱ्याचा पत्ता पाहावा.

माहेरच्या फेरीत उरकायची कामं

रेशन कार्डातून नाव कमी करणं हे त्यातलं पहिलं. माहेरच्या तहसीलच्या पुरवठा विभागात नमुना ९ चा अर्ज द्यायचा, सोबत कार्डाची झेरॉक्स आणि विवाहाचा दाखला. बदल्यात नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा. दुकानदारानं कार्डावर पेनाने नाव खोडलं म्हणजे नाव कमी झालं असं नाही. नाव ऑनलाइन यादीतून निघालं पाहिजे. ते निघालं नसेल तर सासरच्या कार्डावर चढवताना 'हा आधार क्रमांक आधीच दुसऱ्या कार्डाला जोडलेला आहे' असं दाखवतं आणि अर्ज तिथंच बसतो. माहेरच्या कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांकही लिहून आणावा. काही घरांत लेकीच्या नावचं धान्य चालू राहावं म्हणून नाव कमी करायला टाळाटाळ होते. त्यांना शांतपणे समजावून सांगावं, की ई-केवायसीला ती सासरी थम्ब देणार, म्हणजे माहेरचं नाव आपोआप अडचणीत येणारच.

दुसरं काम जातीच्या कागदांचं, आणि इथं आमचा सगळ्यात जास्त आग्रह आहे. लग्नाने जात बदलत नाही. विवाहित स्त्रीला जातीचं प्रमाणपत्र वडिलांच्या जातीवरून, माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या मूळ गावच्या उपविभागीय कार्यालयातूनच मिळतं. लग्न होऊन पाच वर्षांनी भरती निघाली, मग वडील हयात नाहीत, चुलते कागद देत नाहीत, अशी वेळ अनेक बायकांवर येते. म्हणून प्रमाणपत्र आणि जात वैधता (ते प्रमाणपत्र तपासून खरं ठरल्याचा दाखला) आधीच नसेल तर याच फेरीत अर्ज द्यावा. निदान पुरावे तरी पिशवीत घालून न्यावेत: स्वतःची टी.सी., वडिलांची टी.सी. किंवा प्रवेश निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतला), आजोबा, चुलते किंवा आत्याचा जुना शाळेचा अथवा महसुली पुरावा, वंशावळ. पुरावा किती जुना हवा ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी कित्येकदा उर्दूत किंवा मोडीत सापडतात. त्यांची प्रमाणित नक्कल आणि भाषांतर दोन्ही लागतं. हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी नोंदींबाबत २ सप्टेंबर २०२५ ला शासन निर्णय निघाला, त्याखाली अर्ज करणाऱ्या विवाहितेलाही पुरावा माहेरच्या, वडिलांकडच्या रक्तनात्यातलाच द्यावा लागतो. सासरकडे नोंद सापडली म्हणून सुनेला प्रमाणपत्र मिळत नाही.

नॉन-क्रिमिलेअरचंही तसंच. त्यात नवऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत, आई-वडिलांचं पाहतात. सेतू केंद्रावर चुकून नवऱ्याचा उत्पन्न दाखला जोडला गेला तर अर्ज परत येतो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात मात्र कुटुंबात नवराही धरला जातो. अशा दाखल्यांसाठीच्या शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, ५०० रुपयांचा बाँड आणायला कोणी सांगितलं तर साध्या कागदावरचं शपथपत्र द्यावं.

माहेरच्या बँकेतलं खातं घाईनं बंद करू नये. आहेरातला एखादा चेक माहेरच्या नावाने असतो, तो तिथंच वठतो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, तेवढ्यात टाकावा. सासरच्या नावाने लिहिलेला चेक जुन्या नावाच्या खात्यात वठत नाही, देणाऱ्याकडून बदलून घ्यावा.

सासरचं रेशन कार्ड

नमुना ८ चा अर्ज, माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला, विवाहाचा दाखला, दोघांचे आधार. नाव चढल्यावर दुकानात मशीनवर थम्ब देऊन ई-केवायसी करावी. अंत्योदय कार्डावर कार्डामागे ३५ किलो धान्य असतं, माणूस वाढला तरी ते वाढत नाही. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, पण तालुक्याचा इष्टांक (लाभार्थ्यांचा ठरलेला आकडा) भरलेला असेल तर नाव चढूनही धान्य लगेच सुरू होत नाही. पुरवठा निरीक्षकाला इष्टांकाबद्दल विचारावं, दुकानदाराशी भांडून उपयोग नसतो.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डावर शेतकरी योजनेत नोंद असलेल्या कुटुंबांना धान्याऐवजी माणशी दरमहा १७० रुपये खात्यात येतात. नव्या सुनेचं नाव त्या नोंदीतही घालून घ्यावं लागतं, नुसतं कार्डावर चढवून भागत नाही.

धान्य घेत नाही म्हणून कार्डावर नाव कशाला, असं काही घरांत म्हणतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराच्या वेळी रेशन कार्ड आणि ओळखपत्र पाहतात. पहिल्या बाळंतपणात काही गुंतागुंत झाली आणि कार्डावर नावच नसलं, तर रात्री दोन वाजता छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा लातूर-नांदेडच्या रुग्णालयात कागद कुठून आणणार? हे काम पहिल्या तीन महिन्यांत झालंच पाहिजे.

बँक, पॅन, मतदार यादी

सरकारी योजनांचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत येतात. सासरी नवं खातं उघडताना आधार जोडणीच्या खान्यावर टिक झाली की त्यानंतरचा हप्ता नव्या खात्यात. मग माहेरच्या खात्यात पैसे आले नाहीत म्हणून लोक हेलपाटे घालतात. मायआधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते दिसतं, आधी ते पाहावं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये चालू असलेल्यांनी खातं बदलताना विशेष जपावं. तिथल्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागतात. खातं बाईचं एकटीचं असावं. दोघांचं जोडखातं उघडायचं असेल तर वेगळं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्यानं चालवता येईल असं.

पॅनवर नवऱ्याचं नाव येत नाही, तिथं वडिलांचंच राहतं. आडनाव बदललं तर जुन्याच क्रमांकावर दुरुस्तीचा अर्ज करावा. सेवा केंद्रवाल्यानं 'नवंच काढून देतो' म्हटलं तर नको म्हणावं. दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड आहे.

मतदार यादीसाठी नमुना ८ भरायचा, तो फुकट आहे. नमुना ६ हा पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. तो भरला की एकाच बाईचं नाव दोन गावांत दिसतं आणि पुढं दोन्हीकडून उडतं. मतदान ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

एक सवय दोघांनीही लावून घ्यावी. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहावं: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. नव्या सुनेचे कागद कुणीतरी 'सहीपुरते' मागतं आणि तिच्या नावावर गटाचं कर्ज निघतं.

वारस नोंदी आणि विमा

कंपनीत कामाला असलेल्यानं भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन लग्नानंतर नव्यानं करावं, आधीचं ग्राह्य धरलं जात नाही. युएएनच्या (निधीच्या खाते क्रमांकाच्या) संकेतस्थळावर बायकोचा फोटो आणि आधार लागतो. ज्यांचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे ते ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असतात, त्यांनी बायकोचं नाव कुटुंबात घालून घ्यावं.

बँक खात्यांवर वारस म्हणून बहुतेकांचे वडील किंवा आई असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नाव लावता येतं, त्यामुळे आईला काढून बायकोला घालायचं असा पेच उरत नाही, टक्केवारी ठरवून दोघींचं लावावं. खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन ज्योती विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा दोघांनीही घ्यावा. नवऱ्यानं मोठा मुदत विमा घ्यायचा असेल तर अर्ज भरतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्यायला सांगावं. त्या पॉलिसीचे पैसे बायको-लेकरांचेच राहतात, सावकार किंवा बँक त्यावर हात टाकू शकत नाही. पॉलिसी निघाल्यावर मागाहून हे करता येत नाही.

आहेराची वही आणि दागिने

आहेराची वही घराघरात असते, पण तिच्यात पाहुण्यांचे लिफाफेच लिहिलेले असतात. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे नवरीला मिळालेल्या वस्तूंची एक यादी आणि नवऱ्याला मिळालेल्यांची दुसरी लेखी करायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. हे लग्नाच्याच आठवड्यात, सगळ्यांना आठवतंय तोवर, हसतखेळत होतं. दागिन्यांची पावती, वजन आणि प्रत्येकावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक त्याच यादीत लिहावा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून दागिना खरा हॉलमार्कचा आहे का तेही कळतं. स्त्रीधन बाईचं असतं. लॉकरमध्ये ठेवलं तर लॉकरला तिचं नाव हवं.

शेती आणि घर

सातबाऱ्यावर बायकोचं नाव नवरा हयात असतानाच सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. १५ सप्टेंबर १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्यानं तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा. जमीन नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर असली पाहिजे, सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी वाटणी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घरही दोघांच्या नावे लावता येतं.

माहेरच्या जमिनीबाबत लग्नानंतर लगेचच 'हक्कसोड', म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, करून मागतात. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क जन्मानेच दिला आहे. सोडायचा की ठेवायचा हे लेकीनं ठरवावं, पण मांडव परतणीच्या गडबडीत, न वाचता, कोऱ्या कागदावर सही करू नये. माहेरचा आणि सासरचा असा दोन्हीकडचा पीएम किसानचा हप्ता मात्र घेता येत नाही. पती-पत्नी मिळून एकच कुटुंब धरतात, दोघांनी घेतला तर वसुली निघते.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांसाठी

बीड, धाराशिव, परभणी, जालन्याकडची कितीतरी जोडपी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) म्हणून बाहेर पडतात. त्यांच्याकडे वेळ बेताचाच असतो. लग्न उन्हाळ्यात झालं असेल तर निघायच्या आधी निदान तीन कामं व्हावीत: विवाह नोंदणी, रेशन कार्डावर नाव आणि ई-केवायसी, आणि ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, दोघांचं वेगवेगळं. रेशन कार्डाचा बारा अंकी क्रमांक आणि थम्ब यावर कारखान्याच्या गावातल्या दुकानातही धान्य मिळतं, पण केवायसी अपुरी असेल तर तिथला दुकानदार काही करू शकत नाही. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेताना रक्कम आणि तारीख वहीत लिहून त्याची सही घ्यावी, बायकोच्या नावची उचल वेगळी लिहावी.

दिवस गेले तर फडावर असतानाही जवळच्या उपकेंद्रात आशा किंवा नर्सताईंकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं आणि ते कोपीवर (फडावरच्या झोपडीत) नाही, कागदांच्या पिशवीत ठेवावं. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन टप्प्यांत मिळतात. ते बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच येतात आणि हप्त्यासाठी त्याच कार्डावरच्या तपासणीच्या नोंदी लागतात, मग त्या केजच्या असोत की सांगलीच्या.